साडभाऊंची लाल काच

देवाने आभाळ करताना घाई केली, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि नेमका तो माझा साडू निघाला. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरची कचेरी भोपाळला हलली, आणि आम्हा दोघांना टी. टी. नगरात शेजारी-शेजारी क्वार्टर मिळाली. लोकांनी पाटे-वरवंटे आणले; साडभाऊंनी कॅमेरा आणि त्याच्या भिंगावर चढवायच्या रंगीत काचा आणल्या. पिवळी काच रोजच्या ढगांसाठी, नारिंगी डोंगरांसाठी, लाल खास प्रसंगी. फोटो काळे-पांढरेच निघत, पण लाल काचेतून निळं आभाळ असं काळंकुट्ट उतरे की भर दुपारी अमावास्या. "रात्रीच्या फोटोला रात्र कशाला लागते?" असं ते मलाच विचारत. न्हाणीघरात फोटो धुवायचे आणि पत्राची ओळही न लिहिता नातेवाइकांना धाडायचे. "फोटो बोलतो हो. आपण कशाला मध्ये तोंड घालायचं?" स्वतःच्या लग्नात ऐन मुहूर्ताला ते ढग बघायला मांडवाबाहेर गेले होते. तेव्हापासून सासूबाई त्यांच्याशी थेट बोलत नसत. "काचवाल्यांना सांगा, पानं वाढलीत," एवढंच, तेही भिंतीकडे बघून.

त्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या नावाने नागपूरहून सासूबाईंची तार आली: 'निघाले आहे. दुपारी पोचते. धीर धरा.' धीर? कशासाठी? शेजारी धावलो, तर मेहुणी म्हणाली, "हे उजाडताच तलावावर गेलेत, अजून आले नाहीत." सायकल दामटत काठावर पोचलो, तर तिथे नुसत्या चपला. नावाडी म्हणाला, "बाबूजी, काँच वाले साहब? पानी में उतरे हैं. मैंने तो मना किया था!" आम्हाला न कळता नागपूरला कसं कळेल, हा साधा विचारही मला सुचला नाही. मी हाका मारत सुटलो. तेवढ्यात लव्हाळ्यामागून ओरडा आला, "साडभाऊ, हलू नका! पाण्यात सावली पडते तुमची!" कमरेइतक्या पाण्यात कॅमेरा डोक्यावर धरून स्वारी उभी होती. मी त्यांना वाट्टेल ते बोललो आणि तसंच ओलं स्टेशनवर ओढून नेलं.

सासूबाई डब्यातून रडतच उतरल्या. हातात साडभाऊंनी धाडलेला फोटो होता. मेहुणी तलावाकाठी, मागे काळं आभाळ, गळ्यापर्यंत शाल, चेहरा पांढराफटक, आणि कपाळ कोरं. कुंकू नाही. पाकिटात अक्षर नाही.

"अहो, लाल काच!" साडभाऊ हरखून म्हणाले. "तिच्यातून लाल रंग पांढरा उतरतो, त्यामुळे कुंकू..." आणि कोऱ्या कपाळाचा अर्थ तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आला.

सासूबाईंनी त्यांचा ओला हात घट्ट धरला. "तीन वर्षं तुमच्याशी एक शब्द बोलले नाही मी. रात्रभर गाडीत तेच टोचत होतं. म्हटलं, आता कुणाशी बोलू?"

साडभाऊंची आई ते पाळण्यात असतानाच गेली होती. फलाटावर, हमालांच्या देखत ते लहान मुलासारखे हमसून हमसून रडले.

मग डोळे पुसून, काच उतरवून त्यांनी तिथेच सासूबाईंचा फोटो काढला. साडभाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या काळ्या आभाळांचे सात अल्बम माझ्याकडे धूळ खात पडलेत, कुणी मागत नाही. फलाटावरच्या त्या फोटोत ढग एकही नाही, नुसत्या सुजल्या डोळ्यांनी हसणाऱ्या सासूबाई. तो मात्र मेहुणी मलासुद्धा हातात घेऊ देत नाही.