व्हॅनिलाचं लग्न

चोरून आणलेलं रोप जोमाने वाढतं, ही समजूत ज्याने पसरवली त्याचं वाटोळं होवो.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी, मी चहा टाकत असताना, माझ्या बाथरूममधून व्हॅनिलाच्या वेलीचा हातभर तुकडा कापून नेला आणि महिन्याने हसत हसत सांगितलं, "मागितला असता तर लागला नसता गं!" माझा नवरा इथे कुवेतमध्ये, मीना अब्दुल्ला नावाच्या भागातल्या रिफायनरीत, त्यांचाही तिथेच, दोघं रोज एका गाडीतून जाणारे. म्हणून मीही हसले. आतून नुसती धुमसत होते.

ती वेल बाबांची होती. गावाकडे व्हॅनिलाची लाट आली तेव्हा त्यांनी प्रत्येक पोफळीवर एकेक वेल चढवली. भाव पडल्यावर सगळ्यांनी उपटल्या, त्यांनीही उपटल्या, पण एक ठेवली. ते गेल्यावर भावाने बाग विकायला काढली, तेव्हा त्या वेलीचा तुकडा मी ओल्या कागदात गुंडाळून कुवेतला आणला. एसीची कोरडी हवा तिला सोसेना. म्हणून बाथरूमच्या खिडकीत काथ्याच्या खांबावर चढवली. तिथे अंघोळीची वाफ मिळे आणि थेट ऊन लागत नसे. पण पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीवर गेलो, नवऱ्याने मेन स्विच बंद केला, एसीविना बंद घर भट्टीसारखं तापलं, आणि परत येईपर्यंत वेल पार शिजून गेली होती.

बाईंची मात्र काचेच्या बाल्कनीत छताला टेकली. माझ्याच बाबांच्या वेलीचा तुकडा मी त्या बयेकडे मागू? मेले तरी मागणार नव्हते.

तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये तिला कळ्या आल्या. "रोज एक फूल उमलतं नि गळून जातं. शेंग का धरत नाही गं?" बाईंनी विचारलं.

मला ठाऊक होतं. व्हॅनिला मूळची मेक्सिकोची, तिथल्या मधमाश्या फुलातले पराग जागी पोचवतात. बाकी जगात तिला शेंगा धरेनात, तेव्हा एका बेटावरच्या गुलामाने काडीने फुलातला पडदा उचलून पराग आत दाबायची युक्ती काढली. बाबा त्याला लग्न लावणं म्हणत. फूल एकच सकाळ टिकतं, म्हणून काडी घेऊन निघताना मला हाक मारत, "चल गो, बाराच्या आत लगीन लागाक व्हया!"

एक टूथपिक आणि अर्धं मिनिट, एवढंच लागतं.

"कुवेतची हवाच तशी," मी म्हणाले.

मग मी रोज सकाळी चहाला वर जाऊ लागले. बाई खतं बदलत, फिल्टरचं पाणी फवारत आणि मला विचारत, "आज तरी धरेल का गं?" मी खांदे उडवी. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते. चोरलेलं जोमाने वाढतं ना, मग वाढू दे! एक दिवस कंटाळून म्हणतील, घेऊन जा ही ब्याद. मग बाबांची वेल माझ्या घरी येईल, आणि तिचं लग्न मी लावीन. पुढे एक बरणीभर शेंगा त्यांच्या नाकासमोर उघडीन, असंही ठरवलं होतं.

एका सकाळी वर गेले तर खांब रिकामा.

"काल उपटली," बाई म्हणाल्या. "नुसती फुलते मेली. कचऱ्याच्या गाडीत गेलीसुद्धा."

मी ओरडलेच, "ताई, आधी मला विचारायचंत तरी!"

"अगं, रोज तुलाच तर विचारत होते."