टाकीवाला कॉम्प्रेसर

दारव्ह्यात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्याला वस्तू घेण्यापेक्षा निवडण्यात जास्त सुख आहे. आम्ही दोघं तलावावर मासे धरायला जातो आणि गळाला लावायला लाकडाच्या मासोळ्या कोरतो. त्या रंगवायला रंग फवारणारा एअरब्रश आणि त्याला हवा देणारा कॉम्प्रेसर दोघांत मिळून घ्यायचं ठरलं. तेव्हापासून तो रोज मोबाइलवर व्हिडिओ पाहतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि निकाल देतो, "घाई नोका करू भाऊ. टाकीवालाच घेऊ. बिनटाकीचा हवा झटक्या-झटक्यानं देते, मंग मासोळीच्या पाठीवर थेंब उडते." दुसऱ्या दिवशी निवड पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी कंटाळून मी गुपचूप स्वस्तातला, बिनटाकीचा मागवला. पहिल्याच संध्याकाळी त्याची घरघर भिंतीपलीकडे गेली.

"भाऊ, कायचा आवाज येऊन राह्यला?"

"वाफ घ्यायचं मशीन आहे. दमा उठला," मी म्हणालो.

त्यानं आपला टीव्ही बंद केला आणि थोड्या वेळानं अडुळशाचा काढा घेऊन दारात उभा राहिला. रंगानं हिरवी झालेली बोटं पाठीमागे धरून मी तो कडू काढा प्यालो. मग तो रोजच आणू लागला आणि मी रोज पिऊ लागलो. खरं सांगायला तोंडच नव्हतं.

रविवारी तलावावर मात्र राहवलं नाही. माझी हिरवी मासोळी मी त्याच्या हातात ठेवली. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्या पाठीवरच्या थेंबांवरून अंगठा फिरवला.

"म्हटलं होतं न भाऊ, टाकीवाला घेऊ," तो म्हणाला. "दम्यालेही तोच बरा रायते."

आणि पिशवीतून काढ्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली.