रविवारवर टाकलेलं भांडण

आमच्या पांढुर्ण्यात ख्रिस्ती घरं मोजून सात. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, बैतूलकडून यायचे, तेही महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पॅसेंजरनं. त्या दिवशी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकर घ्यायची. ज्याचं कुणाशी बिनसलंय त्यानं आधी मिटवायचं, मगच भाकर घ्यायची, असा नियम. आम्ही शहाण्या लोकांनी त्या नियमाची सोय करून घेतली होती. महिनाभर तोंडं फिरवून राहायचं आणि शेवटच्या रविवारी दारात चपला काढता काढता 'माफ करा हो' म्हणून मोकळं व्हायचं. मी तर त्यात पटाईत.

ब्याऐंशीच्या दिल्ली एशियाडच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. माझी ताई सौंसरच्या दवाखान्यात नर्स होती. आई गेल्यावर तिनं आईची शिलाई मशीन मला न विचारता सौंसरला नेली. मला साधी गुंडी लावता येत नव्हती, पण माझं टाळकंच सरकलं. मी चिठ्ठी लिहिली, 'चोरून नेलीस.' सख्ख्या बहिणीला चोर म्हणाले मी.

गुरुवारी ताई बसनं आली. पिशवीत मोहगावची संत्री. मी ओसरीत तांदूळ निवडत बसले होते.

"मशीन पाह्यजेन तं घेऊन जाय," ती म्हणाली, "पण बोल माह्यासंग."

मी सुपातून मान वर केली नाही. "रविवारी बोलू. पाळकसाहेब येऊन राहिले ना."

"देवाले बी तारीख देऊन राहिली का वं?" ताई हसली.

"रविवारी म्हटलं ना एकदा!"

"बरं बाई. येतो मी रविवारी."

संत्री ओट्यावर ठेवून ती निघाली. मी चहाही विचारला नाही. खरं सांगते, ती हसली तेव्हाच माझा राग गेला होता. पण सगळ्यांच्या समोर, दारात, तिनं हात जोडलेले मला पाहायचे होते. एवढ्यासाठी मी तिला परत पाठवलं.

शनिवारी सकाळी ती ड्यूटीवरच कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. दुपारपर्यंत सगळं संपलं. भाऊजींनी तिला पांढुर्ण्यात आईच्या शेजारी पुरायचं ठरवलं, त्यामुळे रविवारी ताई आली.

पाळकसाहेबांची गाडी तिगावला अडकून पडली होती. तोवर ताईची शवपेटी आमच्या उपासनेच्या खोलीत ठेवली होती. सातही घरं हजर. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांच्या समोर हात मीच जोडले. "ताई, माफ कर वं," म्हणाले. बायांनी मला धरून बाजूला बसवलं.

पुढच्या महिन्यात भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं. मी हात पुढे केला नाही.

उपासना झाल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवलं. म्हणाले, "बाई, प्रभूनं तुम्हाला माफ केलंय. तुम्ही स्वतःला करत नाही, म्हणजे त्याच्याहून मोठ्या झालात का?"

बरोबरच होतं त्यांचं. पण घरी आल्यावर मी भांडी आदळली. अहो, प्रभूशी माझं बिनसलंच कुठं होतं? त्यानं माफ केलं यावर माझा तेव्हाही विश्वास होता, आजही आहे. पण चहा न पिता बसनं परत गेली ती माझी ताई होती, आणि तिला आता कुठं गाठू?

भाऊजींनी मशीन आणून दिली. मी शिवायला शिकले. धागा सारखा तुटायचा, सुई बोटात घुसायची, तरी शिकले. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड मी आईच्या मशीनवर शिवलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मला वाटलं होतं, कापड अंथरलं की आत काहीतरी सुटेल. काही सुटलं नाही.

ते दशक सरत आलं, पाळकसाहेबांचे केस पिकले, पण मला ओलांडून ते कधी पुढे गेले नाहीत. दर महिन्याला ताट घेऊन माझ्यासमोर थांबायचे.

"घ्या, बाई."

"आज नको," मी म्हणायची. "पुढच्या रविवारी पाहू."