टेलरमावशीची खिडकी

माझ्या धाकट्या सुनेची आई, म्हणजे माझी विहीण, जुन्या घरांची चित्रे काढते. जलरंगात. माणसे हौसेने स्वतःचा फोटो काढून घेतात, तशी काही मंडळी आपल्या घराचे चित्र काढून घेतात आणि दिवाणखान्यात लावून पाहुण्यांना दाखवत बसतात. कौलांचा उतार, कमानीवरची नक्षी, गंजलेली कडी, सगळे कागदावर असे उतरते की दार ठोठावावेसे वाटते. हात इतका हलका, आणि तोंड असे की घरमालकाने चहासुद्धा दुरूनच विचारावा. तिची घडीची खुर्ची आणि पाण्याची बाटली उचलायचे काम मी आपणहून पत्करले आहे. बायको म्हणते, हे व्याही नव्हेत, हमाल आहेत. असू दे. एवढी करमणूक मला दुसरीकडे कोण देणार?

तिची एक रीत आहे. बाकीचे चित्रकार आधी आभाळ रंगवतात, मग छप्पर, मग हळूहळू खाली येतात. ही ज्या खिडकीत माणूस दिसेल तिथून सुरुवात करते आणि घर त्याच्याभोवती वाढवत नेते.

एकदा एका पुतण्याने तिला काकांकडून वारशाने आलेल्या घराचे काम दिले. घर मोठे देखणे, वर लाकडी सज्जा, त्याची सावली भिंतीवर तिरपी पडलेली. तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारी टेलरमावशी उभा जन्म शिवत बसलेली. ती खोली आता पुतण्याला गाडी ठेवायला हवी होती, म्हणून त्याने तिला निघायला सांगितले होते. मावशी आम्हाला सावलीत बसवायची, ब्रशचे गढूळ पाणी बदलून द्यायची. त्या सगळ्या दिवसांत तिने एकच गोष्ट विचारली.

"मी दिसेन का हो त्यात? मशीनसकट?"

"दिसाल नाही तर काय? सुरुवातच तुमच्यापासून केलीय," विहीणबाई फणकारल्या. त्यांची माया अशीच बाहेर पडते.

चित्र पुरे झाले. पुतण्याने तोंडभर कौतुक केले आणि मग खिडकीवर बोट ठेवले. ही बाई काढून टाका म्हणाला, पाहुणे विचारतील ही कोण, थोडा पांढरा रंग फासला की झाले.

विहीणबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मी बाटली घेऊन मागे सरकलो.

"आमच्या कामात पांढरं म्हणजे कोरा कागद. तिथं एकदा माणूस बसला की बसला."

त्याने मग झाड सुचवले, पडदा सुचवला. दर सूचनेगणिक हिचा आवाज एकेक मजला वर चढत गेला. शेवटी तो म्हणाला, भाडेकरू म्हणजे काही घर नव्हे. झाले!

"तुम्ही ह्या घरात झोपलात तरी कधी? ही बाई सकाळपासून दिवे लागेपर्यंत इथं राबते, आणि पुसायचं हिलाच?"

चित्र बोर्डवरून ओढून काढून ती तरातरा मावशीच्या खोलीत गेली. तिथे गाठोडी बांधून ठेवलेली. चित्र मावशीच्या मांडीवर टाकून म्हणाली, घ्या, हे तुमचं.

मला वाटले, म्हातारीचे डोळे भरून येतील. कसले काय! इतके दिवस गिळलेला राग तिच्या तोंडावर आला.

"ज्यांनी मला बाहेर काढलं, त्यांचं घर मी माझ्या भिंतीवर लावू? मला नको. माझी खिडकी तेवढी द्या." आणि तिने कापडाची मोठी कात्री उचलली.

आता ऐका. माझ्या नातवाने एकदा चित्राला नुसते ओले बोट लावले म्हणून विहीणबाईंनी आमच्या घरी येणे सोडले होते. विहीण कात्रीकडे बघत राहिली, मग चित्रातल्या खिडकीकडे.

"कापा," म्हणाली.

मावशीने खूण न करता, गळा बेतावा तशी खिडकी कापून घेतली.

उरलेले चित्र माझ्या हाती देऊन हिने मला पुतण्याकडे पिटाळले. निरोप एवढाच, की सांगितल्याप्रमाणे बाई काढून टाकली आहे. त्यावर तो जे बोलला ते चारचौघांत लिहिण्यासारखे नाही.

घरी परतताना विहीणबाई रस्ताभर धुमसत होत्या. पुतण्यावर नव्हे, मावशीवर. तिने जरा जास्तच रुंद कापले आणि सज्ज्याची सावली नेली. तशी सावली त्यांना जन्मात दुसरी साधली नव्हती. निदान विचारायचं तरी, म्हणत होत्या. मी म्हटले, जाऊन तेवढी पट्टी परत मागू का?

"खबरदार, व्याही," त्या रस्त्यातच थांबून म्हणाल्या, "तिच्या दाराशी गेलात तर!"