फाजील म्हणजे काय

वडील जाताना मुलाला आशीर्वाद देतात. आमच्या अण्णांनी मला 'फाजील' म्हटलं आणि गेले.

चूक माझीच होती. बीडच्या दवाखान्यात त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणले रे?" डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी म्हणालो, "म्हणले, पेशंट ठणठणीत हाय, पर सकाळपासून नर्सांच्या सह्या तपासतोय." (अण्णा पोस्टमास्तर होते. कुणाची सही जुळली नाही की त्यांना जेवण जात नसे.) अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, "फाजील" म्हणाले आणि कूस बदलली. दुपारी ते गेले.

शब्द मला नवा नव्हता. माझ्या लग्नात मी भटजींना म्हणालो होतो, "जरा उरका, पोरीचं मन बदलंल." तेव्हाही मागून तोच शब्द ऐकू आला होता. पण दरवेळी दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याशी बोलायचे. या वेळी दुसरा दिवस नव्हता.

तो शब्द डोक्यातून जाईना. नवव्या दिवशी मी अण्णांचे दोस्त हमीदचाचा यांना फोन लावला. निजामाच्या राज्यात दोघं नेकनूरला एकाच उर्दू शाळेत शिकले.

"चाचा, फाजील म्हणजे नेमकं काय हो?"

"फाजील? लई मोठा लफ्ज हाय, बेटा. फाजील म्हंजी आलिम. विद्वान."

पुढंही ते काही सांगत होते. पण मला रडू आवरेना, मी फोन ठेवला. बायकोला सांगितलं, भावाला सांगितलं, दूधवाल्यालाही सांगितलं.

दहाव्याला महाराजांचं प्रवचन झाल्यावर माझ्या हातात माईक आला. सगळं गाव बसलेलं. मी म्हणालो, "जन्मभर आमचा गैरसमज होता. अण्णांनी जाताना मला विद्वान म्हटलं."



"कोणाला?" अण्णांच्या धाकट्या बहिणीनं, म्हणजे आमच्या आत्यानं, विचारलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून हमीदचाचा काठी टेकत उठले. "बेटा, तू फोन कावून ठेवला? माझं अर्धंच झालतं."

मी माईक त्यांच्यापुढं धरला. (कुणीही सांगितलं नव्हतं. मीच धरला.)

"फाजील म्हंजी मुळात जास्तीचं," चाचा म्हणाले. "गरजंपेक्षा वर उरलेलं. ज्याचं इल्म जास्ती, तो विद्वान. हे झालं उर्दूत. आता मराठीत आल्यावर..." ते माझ्याकडं बघून थांबले.

"ज्याची जीभ जास्ती, तो," आत्यानं वाक्य पुरं केलं.

मांडव हसला. महाराजांनी उपरण्यानं तोंड झाकलं. आत्याही हसली, आणि हसता हसताच पदरात तोंड घालून रडायला लागली. मग बायकांतही कुणी हसेना.

मी चाचांना खाली बसवलं, त्यांच्याजवळ बसलो. हळूच विचारलं, "मग चाचा, अण्णा कुठल्या भाषेत म्हणले असतील?"

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तो शिकला उर्दूत, रागवायचा मराठीत. मला न्हाई सांगता यायचं, बेटा."

"तुमाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? त्यालाच इचाराय पायजे व्हतं."

त्यांनी माझा हात हातात घेतला. समोर पंगतीची पानं मांडली जात होती. अण्णांची जागा पहिली असायची, तिथं वाढप्यानं पाण्याची घागर ठेवली.

काहीतरी बोलून चाचांना हसवावं म्हणून मी तोंड उघडलं. एक शब्द सुचला नाही. बावन्न वर्षांत मी पहिल्यांदाच गप्प बसलो होतो, आणि ते बघायला अण्णा नव्हते.