अमळनेरचा मुका पाहुणा

ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा पोलीस निरीक्षक म्हणून माझी नेमणूक अमळनेरला होती.

खबऱ्याचा फोन आला. "साहेब, मोहल्ल्यातल्या एका म्हातारीकडे मुका पाहुणा राहतोय. उंबऱ्याबाहेर येत नाही. पाकिस्तानी आहे म्हणतात."

सीमेवर तणाव होता. गाव पेटायला एवढा एक शब्द पुरेसा होता.

म्हातारीला आणि पाहुण्याला चौकशीसाठी ठाण्यात आणले, तोवर फाटकावर जमाव जमला. "त्याला आमच्या ताब्यात द्या!" मी फाटकावर जादा बंदोबस्त लावला.

पाहुणा सत्तरीचा. नाव विचारले तर जमिनीकडे बघत राहिला. खोटे बोलणारा उत्तर तयार ठेवून येतो. हा नुसता कापत होता. शेजारच्या खोलीत म्हातारी सांगत होती, "बऱ्हाणपूरचा नातेवाईक आहे, जन्माचा मुका." हवालदाराने आवाज चढवला, "खरं बोल, नाहीतर नातवांनाही उचलू!"

भिंतीपलीकडून ते ऐकून पाहुणा ताडकन उठला. "तिले काही बोलू नका! तिना काही गुन्हा नही. मीच उनू!"

अस्सल खान्देशी बोली. हवालदार दारात येऊन बघतच राहिला.

मग सारे बाहेर आले. फाळणीच्या वेळी वडील त्याला कराचीला घेऊन गेले. बहिणीचे, म्हणजे या म्हातारीचे, लहानपणीच लग्न झालेले, म्हणून ती इथेच राहिली. म्हातारपणी तो व्हिसावर तिला भेटायला आला. मुदत संपली, पण पाय निघाला नाही.

"मग मुका का झालात?"

"बोललो असतो, तर कुठला म्हणून विचारलं असतं."

हेरगिरीचा पुरावा काहीच मिळाला नाही. म्हातारीला घरी सोडले. विदेशी नागरिक कायद्याखाली गुन्हा नोंदवून त्याला मागच्या दाराने जळगावला हलवले. गाडीत त्याने विचारले, "तिकडचे पोलीसही विचारतील, इतके दिवस हिंदुस्थानात काय करत होतास? त्यांना काय सांगू?"

कोर्टाने दिलेली शिक्षा संपल्यावर त्याला सीमेपार पाठवले. ते कळवायला मी स्वतः म्हातारीकडे गेलो. खिडकीतून वर्दी दिसताच सुनेने कडी लावली. आत रडणारे पोर एकदम गप्प झाले.

"आजी, भाऊ सुखरूप पोहोचला," मी बाहेरूनच सांगितले.

आतून म्हातारीचा आवाज आला. "साहेब, आते घरमा कोनीच नही."

तपास पुरा झाला की माणसे निर्धास्त होतात, अशी माझी समजूत होती. त्यानंतर कुणाच्या घरी चांगली बातमी द्यायची असली, तरी मी साध्या कपड्यांत जात असे.