फौजदारांचं वजन थांबेना

काटा पुन्हा खालीच आला होता.

"किती?" आनंदराव फौजदारांनी विचारलं.

"एकशे एक्कावन्न पौंड."

"म्हंजे आनि पाच गेलं की." ते काट्याच्या पाटावरून उतरले आणि कमरेचा पट्टा आवळायला लागले. पट्ट्याला चांभाराकडून नवी भोकं पाडून घेतलेली होती. "तुमी सांगितलेलं समदं ताटात येतंय, डॉक्टरसाहेब. घरात इचारा."

ते गेल्यावर मी स्वतः काट्यावर उभा राहिलो. माझं वजन जिथल्या तिथं होतं. म्हणजे काटा बरोबर होता. मग चूक कुठे होती, ते मला कळेना.

मी तेव्हा सोलापूरच्या सरकारी इस्पितळात नवा होतो. मूळचा दुधनीचा. आमच्या घरात माझ्या आधी कोणी मॅट्रिकच्या परीक्षेलाही बसलं नव्हतं, छापलेली वस्तू म्हणून घरात एक पंचांग असायचं. शाळेच्या हेडमास्तरांनी मला हाताला धरून पुढे नेलं, स्कॉलरशिप मिळवून दिली, आणि मी मुंबईला जाऊन डॉक्टर झालो. त्या माणसाचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. मला वर आणलं ते पुस्तकांनी. त्यामुळे पुस्तकात लिहिलेलं घडत नाही असं दिसलं की मी तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायचो.

आनंदरावांच्या बाबतीत नेमकं तेच चाललं होतं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा दोनशे दहा पौंड होते. उंचीने चांगले, पण पोट टेबलाच्या आधी खोलीत यायचं. मोडनिंबकडचे शेतकरी घरातले. त्या काळी पोलीस खात्यात मोटारी नव्हत्या. फौजदाराने घोडं ठेवायचं आणि हद्दीतल्या गावांची फेरी त्यावरून करायची. आनंदरावांची मैना नावाची घोडी होती. अक्कलकोटच्या रस्त्यावर ती त्यांच्यासकट गुडघ्यावर पडली. डी.एस.पी. साहेबांच्या कानावर गेलं. साहेबांनी सुनावलं, "वजन उतरवा, नाहीतर घोडं सोडा." घोडं सुटलं की फौजदाराची फेरी सुटते, आणि फेरी सुटली की उरलेली नोकरी टेबलाशी.

मी त्यांना आहार लिहून दिला. ज्वारीची भाकरी एक वेळेला एकच. शेंगांची चटणी बंद, कारण तिच्यात तेलच तेल. तूप बंद, मटण महिन्यातून एकदा. सकाळ-संध्याकाळ चालणं. माणूस शब्दाचा पक्का निघाला. गुढीपाडव्याला सुरू केलं ते दिवाळीपर्यंत एकशे पासष्टवर आले. त्यांच्या उंचीला तेवढं वजन अगदी योग्य होतं. मी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं आणि म्हणालो, "आता उतरवणं संपलं. आता हे वजन धरून ठेवायचं."

इथे वाचकांना थोडं समजावून सांगायला हवं.

अन्नातली ऊब मोजायचं एक माप असतं, त्याला कॅलरी म्हणतात. आपल्या गिरणीचा बॉयलर डोळ्यांसमोर आणा. गिरणी जेवढी चालते तेवढा कोळसा जळतो. जास्त आणला तर आवारात ढीग साठतो. माणसाच्या अंगावरची चरबी म्हणजे तो ढीग. वजन उतरवायचं म्हणजे कोळसा कमी आणायचा, गिरणी जास्त चालवायची, म्हणजे ढीग जळतो. ढीग हवा तेवढा झाला की हेच चालू ठेवून भागत नाही. कोळसा हळूहळू वाढवायचा, गिरणी थोडी सावकाश करायची, आणि दोन्हीचा मेळ बसला की थांबायचं. एकदम जुन्या खाण्यावर गेलात तर ढीग परत येतो. उपाशीच राहिलात तर पुढे भिंतीच जळायला लागतात.

म्हणून मी आनंदरावांना सांगितलं, दर पंधरा दिवसांनी वेळेला अर्धी भाकरी वाढवा, संध्याकाळचं चालणं बंद करा, थांबलेली फेरी पुन्हा घोडीवरून सुरू करा, आणि मला वजन दाखवा. वजन थांबलं की आपणही तिथेच थांबू.

वजन थांबलं नाही. अर्धी भाकरी वाढवली, तीन पौंड उतरले. एक वाढवली, आणखी चार. मी तूप सुरू केलं. दूध सुरू केलं. संक्रांतीला तर मी चक्क शेंगदाणे आणि गुळाचे लाडू लिहून दिले, रोज दोन. आनंदरावांनी कागद वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला वाटलं, इतक्या महिन्यांनी गोड मिळणार म्हणून असेल.

आता एकशे एक्कावन्न.

मी सगळं तपासलं. लघवीत साखर नाही. छाती स्वच्छ. थुंकी तीनदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, क्षयाचे जंतू नाहीत. ताप नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. नाडी सावकाश आणि दमदार. पिंढऱ्या तर दगडासारख्या. आजार नसलेला माणूस, रोज जास्त खातो आणि रोज वाळतो. पुस्तक मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. त्यात असा माणूस नव्हता.

त्यांच्या घरी गेलो. पोलीस लाइनीतलं घर, मागे तबेला. वहिनींनी मला पाणी दिलं आणि उंबऱ्यातच धरलं.

"डॉक्टर, चांगला भरल्या अंगाचा मानूस तुमच्या हवाली केला होता. काय करून ठिवलं बघा. लाइनीतल्या बाया मला इचारत्यात, छातीचं दुखनं हाय का म्हनून. पोरीच्या लग्नाचं बोलनं चालू हाय. ही बोलवा त्या घरापातूर गेली तर?"

"वहिनी, ते जेवतात ना पूर्ण?"

"जेवत्यात म्हंजे? अडीच भाकरी वाढते. वर तूप. लाडू हातात देते. ताटात कन ऱ्हात न्हाय."

"तुमच्यासमोर जेवतात?"

"पहिली भाकरी हितं. मग उरलेलं घिऊन तबेल्यात जात्यात. तितं वारा लागतोय म्हनं, आनि मोतद्दाराच्या कामावर नजर बी ऱ्हाती."

मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा. हुसेन नावाचा म्हातारा तबेल्याच्या दारात मैनेला खरारा करत होता. मी सहज म्हणालो, "घोडी छान चमकतेय हो."

"चमकतीच साब," तो म्हणाला, "ऐश चल रई उसकी." आणि मान खाली घालून पुन्हा खरारा करायला लागला.

मी घोड्याचा डॉक्टर नव्हतो. मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी सिव्हिल सर्जन साहेबांनी बोलावलं. पोलिसांच्या प्रकृतीचे दाखले त्यांच्या सहीने जायचे.

"तुझा तो फौजदार. निदान काय?"

"साहेब, निदान नाही. सगळं नॉर्मल आहे."

"नॉर्मल माणूस असा वाळत नाही. क्षय आहे, तुला सापडत नाही एवढंच."

"मी तीनदा थुंकी पाहिली, साहेब."

"पुढच्या महिन्यात अजून खाली आला तर मी त्याला मेडिकल बोर्डापुढे पाठवणार. बोर्ड त्याला घरी पाठवेल. लाइनीत शंभर कुटुंबं आहेत, मी जोखीम घेणार नाही." मग ते थोडं हसले. "काल डी.एस.पी. क्लबात भेटले. त्यांनी घोड्यांची पाहणी केली. म्हणाले, या फौजदाराची मला गंमत वाटते. आधी अधिकारी घोडीला जड होता. आता अधिकारी वाळलाय आणि घोडीला पोट सुटलंय, तंग बसत नाही."

मीही हसलो. तंग म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा. हसलो आणि ओपीडीत जाऊन बसलो. इतकं समोर ठेवलेलं होतं, तरी माझ्या डोक्यात बोर्ड, क्षय आणि वहिनींची मुलगी एवढंच फिरत होतं. मी बसून आणखी पावशेर दूध लिहिलं.

आठवड्याने मला कुंभारीच्या पलीकडच्या एका गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लस टोचायला जायचं होतं. सकाळी टांगा करून अक्कलकोटच्या रस्त्याने निघालो. ऊन चढायला लागलं होतं. शहर मागे पडलं तशी पुढे रस्त्यावर धूळ दिसली. एक माणूस लांब ढांगा टाकत चालला होता, आणि मागे लगाम सैल सोडलेली एक घोडी डुलत येत होती. खोगीर रिकामं. माणूस अंगावर खाकी डगला घालून घामाने निथळत होता.

टांगेवाला म्हणाला, "फौजदारसाहेब दिसत्यात. घोडी लंगडली वाटतं."

"तू सावकाश ये," म्हणून मी खाली उतरलो आणि झपझप चालत त्यांना गाठलं. दमलो. आनंदराव दमले नव्हते. मला बघून मात्र रस्त्यातच थबकले.

"घोडीला काय झालं?"

"काय न्हाय."

"मग चालताय का?"

ते लगाम हाताला गुंडाळायला लागले. तेवढ्यात मैनेने मान लांब करून त्यांच्या डगल्याच्या खिशात तोंड घातलं. त्यांनी खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली. त्यात भाकरी होती, तूप लावलेली, आणि दोन लाडू. माझेच लाडू. घोडीने ते आपल्या हक्काचे असल्यासारखे उचलले.

मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. उतरवताना ते दिवसाला चार मैल चालायचे. आता घोडीवरून फेरी करा म्हटल्यापासून फेरीची सगळी गावं पायी चालत होते. एक भाकरी त्यांची, बाकी सगळं मैनेचं. मी खुराक वाढवत गेलो तशी घोडी वाढत गेली. घोडीचं काम फौजदार करत होते आणि फौजदारांचं जेवण घोडी जेवत होती.

"फौजदार," मी म्हणालो, "गावात शिरताना काय करता?"

"गावाची पांढरी, घरं दिसली की वर बसतो. लोकांत चालत गेलेलं बरं दिसत न्हाय. गाव सुटलं की उतरतो."

"वहिनींना माहीत आहे?"

"तिला कशाला? हुसेनला ठावं हाय. त्याला मी गप बस म्हनलंय."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं? मी तुमची थुंकी तीनदा तपासली."

ते शेजारी बसले. पुरचुंडी त्यांनी पुन्हा खिशात ठेवली. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ती पडली ना, तवा मी खाली आलो न्हाय. लोकांना वाटतं मी पडलो. मी वरच हुतो. ती गुडघ्यावर गेली आनि माज्यासकट उठली. दोन्ही गुडघं फुटलेलं. तसंच तिनं मला ठान्यापातूर आनलं. मला उतरायचं बी सुचलं न्हाय." त्यांनी मैनेच्या गुडघ्याकडे बोट केलं. तिथे केस पांढरे आले होते. "आता ताटात जादा आलं की घास उतरत न्हाय. वाटतं, ह्यो परत तिच्याच पाठीवर जानार. त्यापरास तिच्याच पोटात जाऊ दे की."

बोर्डाची भीती घालावी असं मनात आलं, पण त्यांना नोकरीची फिकीर दिसत नव्हती. मी उठलो आणि मैनेच्या कुशीला हात लावला. उभ्या उभ्या ती धापा टाकत होती. काही काम न करता.

"फौजदार, ही धापा का टाकते?"

"ऊन हाय."

"ऊन तुम्हालाही आहे. तुम्ही हिच्यापुढे चालत होतात, रिकामी ही होती. मला घोड्यातलं कळत नाही. गुरांच्या डॉक्टरांना दाखवू. पण तुमच्या पोटाचं जे झालं होतं ते हिचं झालंय, एवढं मला कळतं."

त्यांचा चेहरा उतरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते घाबरलेले दिसले.

गुरांच्या डॉक्टरांनी मैनेचे खूर हातात धरून पाहिले. जादा खाण्याने सुजून गरम झाले होते. त्यांनी साफ सांगितलं, "भाकरी-लाडू आजपासून बंद. खूर निवेपर्यंत विश्रांती, मग रोज थोडी थोडी रपेट. असंच चाललं तर पाय जातील आणि हिला गोळी घालावी लागेल."

मी लगेच म्हणालो, "आणि रपेट रिकाम्या खोगिराने होत नाही."

"पर माजं वजन—"

"तुमचं वजन ती पडली तेव्हापेक्षा साठ पौंड कमी आहे. पंधरा-वीस वाढलं तरी तिला जड नाही. तुम्ही खा, तिच्या वाटचं तिला खाऊ द्या."

घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की खूर बरे झाल्यावर फेरीला जाताना बसायचं, येताना अर्धी वाट चालायचं. जेवायचं वहिनींसमोर, पाटावर बसून. तबेल्यात रिकाम्या हाताने जायचं. वहिनींना मी सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग म्हणाल्या, "म्हंजे माजं तूप घोडीनं खाल्लं म्हना की." नंतर वर्षभर त्या नवऱ्याला ताट वाढताना विचारायच्या, "कुनासाठी वाढू?"

मेडिकल बोर्ड बसायचा राहिला. पुढच्या महिन्यात काटा चार पौंड वर गेला, तेव्हा सिव्हिल सर्जन साहेबांनी विचारलं, "काय दिलंस?" मी म्हणालो, "घोडीला पथ्य दिलं, साहेब." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मला खुलासा करायचा धीर झाला नाही.

मग आमचं खरं काम सुरू झालं, जे दिवाळीलाच व्हायला हवं होतं. अर्धी भाकरी वाढव, पंधरा दिवस बघ. एकशे साठच्या पुढे वजन भराभर जायला लागलं तेव्हा तूप कमी केलं. दोन-चार पौंड वर, दोन-चार खाली, असं करत वेळेला दोन भाकऱ्या, थोडी चटणी आणि परतीचं चालणं यावर ते एकशे पासष्टला थांबलं. फार गमतीची गोष्ट नव्हती ती. बहुतेक वेळ वाट बघण्यात गेला. मैनाही हळूहळू तंगात बसली. मुलीचं लग्न त्याच वैशाखात झालं, आणि वरातीत आनंदराव घोडीवर होते. गावाबाहेर उतरले असतील, मी विचारलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं डॉक्टरकी केली. वजन उतरवलेली माणसं येतात, वजन धरत नाही म्हणतात. मी आहार विचारतो, कॅलरी मोजतो, सगळं करतो. पण आधी दोन प्रश्न विचारतो. तुमच्या ताटातलं कोणाला देता? आणि कोणाच्या वाटचं काम करता? पुष्कळदा दोन्ही प्रश्नांना एकच नाव येतं.